कंबरदुखी प्रत्येक वेळी वयाचीच असते का?

सत्तरीत कंबर दुखणे इतके सर्वसामान्य आहे, की रुग्णाला ते सांगताना संकोच वाटतो आणि आम्ही डॉक्टरही पुष्कळदा वेदनाशामक गोळी लिहून मोकळे होतो. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त शिक्षकांच्या बाबतीत मी हेच केले. तीन महिन्यांनी त्यांच्या सूनबाई सोबत आल्या. "डॉक्टर, नानांना एक जिना चढला तरी धाप लागते. यंदा दोनदा न्यूमोनियाही झाला," त्या म्हणाल्या. तेव्हा कुठे मी रक्त तपासले. हिमोग्लोबिन ८, क्रिएटिनिन वाढलेले. पुढे निदान झाले मल्टिपल मायलोमाचे.

हा अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. सर्व कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का. म्हणूनच तो चटकन आठवत नाही. निरोगी प्लाझ्मा पेशी जंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात; बिघडलेल्या पेशी एकाच प्रकारचे निरुपयोगी प्रथिन बनवत राहतात. हाडे ठिसूळ होतात, रक्त कमी होते, मूत्रपिंडे थकतात, जंतुसंसर्ग वारंवार होतो. हाडांतील कॅल्शियम रक्तात उतरले की तहान, बद्धकोष्ठता, सुस्ती, क्वचित भ्रमही. यांतील एकेक लक्षण वयाच्या खात्यावर सहज जमा होते. दोन-तीन एकत्र आली, किंवा पाठ-कंबर-बरगड्यांचे दुखणे महिनाभरात हटले नाही, तर दवाखान्यात जावे.

जाताना एका कागदावर लिहून न्या: दुखणे केव्हापासून, वजन किती घटले, धाप कधी लागते, कोणते आजार झाले. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्याही लपवू नका. या आजारात त्या मूत्रपिंडांना अधिकच घातक ठरतात. जुने अहवाल सोबत असू द्या. आणि निःसंकोच विचारा, "डॉक्टर, हे वयाव्यतिरिक्त आणखी कशामुळे असू शकेल? हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम तपासायचे का?" त्यांत दोष आढळल्यास सिरम प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस आणि रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला ही पुढची पायरी. अशा प्रश्नाने आमचा अपमान होत नाही. झालाच, तर दुसरा डॉक्टर पाहावा.

पायांतील शक्ती अचानक गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र कागद-पेन शोधत बसू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा. मणका खचून मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो.

हा आजार सहसा मुळापासून जात नाही, पण औषधांनी अनेकांच्या बाबतीत वर्षानुवर्षे आटोक्यात राहतो. नाना आजही रक्तदाब तपासायला माझ्याकडे येतात. सूनबाईंच्या हातात वही असते, आणि ती मी आधी वाचतो.