बुग्याल, कुंडे आणि आपले पाऊल

वैशाख लागला की आपल्याकडील तरुण मंडळी पाठीवर सॅक टाकून हिमालयाची वाट धरतात. सह्याद्रीत पाय तयार झालेल्या माणसास बर्फाची ओढ लागावी यात नवल नाही. परंतु ज्या भूमीवर आपण तंबू ठोकतो ती भूमी कशा प्रकारची आहे, याचा विचार निघण्यापूर्वी फारसा होत नाही. आज तो आपणांस करावयाचा आहे.

गढवालात साधारण ३,३०० मीटरच्या वर झाडे विरळ होत संपतात आणि विस्तीर्ण गवताळ उतार लागतात. त्यांस तेथील लोक बुग्याल म्हणतात. चमोली जिल्ह्यातील आली आणि बेदनी हे बुग्याल प्रसिद्ध आहेत. बेदनीत एक लहानसे कुंड असून नंदादेवीच्या यात्रेकरूंना ते पवित्र वाटते. तेथून वर चढत गेले म्हणजे सुमारे ५,००० मीटर उंचीवर रूपकुंड लागते. १९४२ साली एका वनाधिकाऱ्याच्या दृष्टीस तेथे मानवी अस्थी पडल्या. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ३८ जणांच्या अवशेषांची तपासणी झाली, तेव्हा ही माणसे एकाच काळातील नव्हेत असे दिसून आले. काही हजारएक वर्षांपूर्वीची, तर काही अवघ्या दोनशे वर्षांपूर्वीची होती. आपल्या विषयापुरता यातून घ्यावयाचा बोध एवढाच, की त्या थंडीत वस्तू लवकर कुजत नाही. ज्या हवेने शतकानुशतके हाडे जपली, ती हवा आपण टाकलेली संत्र्याची सालही बराच काळ जपून ठेवील. प्लॅस्टिकची तर गोष्टच नको.

आता गवताकडे वळू. बर्फ वितळल्यापासून पुन्हा थंडी पडेपर्यंत या वनस्पतींस वाढावयास जेमतेम चार महिने मिळतात. तेवढ्यात अंकुर, फूल आणि बी सारे उरकावयाचे असते. खाली मातीचा थर पातळ. मुळांची दाट गुंफण त्या थराला चटईसारखी धरून ठेवते. एकाच जागी तंबूमागून तंबू पडले, खेचरांचे खूर रुतले, माणसांनी नव्या पायवाटा पाडल्या, की माती घट्ट दबते आणि ही चटई फाटते. मग पावसाचे पाणी मातीत न मुरता त्या फटीतून धावू लागते. प्रथम रेघ, मग चर, मग घळ. आपल्या दोन रात्रींची जखम भरावयास अनेक उन्हाळे लागतात. माती वाहून गेली असेल तर ती आपल्या हयातीत भरत नाही. कासच्या पठारावरील कातळाचा पातळ मातीचा थर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे समजावून सांगावयास नको.

या हानीविरुद्ध तक्रार केली ती त्याच भागातील बुग्याल संरक्षण समितीने. २१ ऑगस्ट २०१८ रोजी उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांत रात्रीच्या मुक्कामास बंदी केली, पर्यटकांची संख्या २०० वर मर्यादित केली आणि तेथील कायम बांधकामे हटविण्यास सांगितले. गवताच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. परंतु वाण, लोहाजंग येथील हमाल, खेचरवाले आणि वाटाडे यांची हंगामाची कमाई याच वाटेवर होती, हेही विसरता येत नाही. आपल्या बेपर्वाईची किंमत प्रथम गवताने दिली आणि नंतर गरिबाच्या चुलीने.

यातून मार्ग नाही असे नव्हे. फुलांच्या दरीत मुक्काम करता येत नाही. खाली घांघरियात राहावयाचे, दिवसा दरी पाहावयाची आणि संध्याकाळच्या आत परतावयाचे. त्याने दरी टिकते आणि गावाचा धंदाही चालतो.

बाकीची पथ्ये साधी आहेत. वाट असेल तेथे एकामागून एक चालावे, आणि चिखल झाला तरी वाटेच्या कडेने चालून ती रुंद करू नये. वाट नसेल तेथे मात्र पांगून चालावे, म्हणजे नवी वाट पडत नाही. मुक्काम झाडांच्या रेषेखाली किंवा मोकळ्या खडकाळ जागी करावा. कुंडात साबण लावू नये. भांडी धुण्याचे पाणी काठापासून निदान ६० मीटर दूर ओतावे. वर नेलेली प्रत्येक वस्तू खाली आणावी. जुनिपरची खुरटी झुडपे जाळून शेकोटी करू नये. बोटाएवढे जाड खोड होण्यास त्यांना कित्येक वर्षे लागतात.

श्रोतेहो, पुढच्या सुटीत सहलीचे पैसे भरताना किती दिवस, किती खर्च, जेवण काय, हे आपण विचारालच. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : ‘तंबू कोठे लागणार?’ पुष्कळ गिऱ्हाइके हा प्रश्न विचारू लागली, तर नेणाऱ्यालाही त्याचे नीट उत्तर तयार ठेवावे लागेल.