उष्णता जाते कोठे?

पदार्थाच्या स्थायू, द्रव व वायू अशा तीन अवस्था असतात, हे वाक्य आपण सर्वांनी लहानपणीच पाठ केलेले आहे. बर्फ, पाणी आणि वाफ ही उदाहरणेही आपल्या जिभेवर तयार असतात. परंतु बर्फाचे पाणी होताना अथवा पाण्याची वाफ होताना नेमके काय घडते, हा प्रश्न पाठांतराच्या ओघात मागे पडतो. वास्तविक या विषयाचा गाभा तेथेच आहे. मी भाषेचा शिक्षक. पण शास्त्राच्या पुस्तकातील 'अप्रकट उष्णता' हा शब्द वाचला, तेव्हा मला त्याचे मोठे कुतूहल वाटले. जी प्रकट होत नाही, ती उष्णता आहे हे कोणी व कसे ओळखले? आणि ती असते तरी कोठे?

प्रथम एक साधा प्रयोग पाहू. धातूच्या भांड्यात बर्फाचा चुरा घेऊन त्यात तापमापी ठेवावी, भांडे अगदी मंद आचेवर धरावे आणि चुरा ढवळीत दर मिनिटास तापमानाची नोंद करावी. खाली आच चालू आहे, भांड्यात उष्णता सारखी येत आहे, आणि तरीही बर्फाचा शेवटचा कण वितळेपर्यंत तापमापी शून्य अंशाच्या आसपासच थबकलेली दिसते. बर्फ संपला की ती चढू लागते. पुढे पाणी उकळू लागले की ती पुन्हा एका जागी थांबते. पणजीसारख्या समुद्रकाठच्या गावी हा थांबा १०० अंश सेल्सिअसच्या अगदी जवळ असतो. सुमारे ७५० मीटर उंचीवरील बेळगावास हवेचा दाब कमी असल्याने तो ९७ ते ९८ अंशांवर येतो. आच कितीही वाढविली तरी उघड्या भांड्यातील पाणी याहून अधिक तापत नाही.

या दोन थांब्यांचे कोडे प्रथम उलगडले ते स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठाचे अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी, १७६१ च्या सुमारास. त्यांनी काचेचे दोन सारखे गोल घेऊन दोहोंत सारखेच पाणी भरले. एकातील पाण्याचा बर्फ केला. दुसऱ्यातील पाणी न गोठविता ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केले. या मापात पाणी ३२ अंशांवर गोठते. दोन्ही गोल एकाच दालनात ठेवले. थंड पाणी ४० अंशांपर्यंत येण्यास अर्धा तास लागला. बर्फाला वितळून त्याच ४० अंशांपर्यंत येण्यास साडेदहा तास लागले!

आता आपणच हिशेब करून पाहू. पाण्याने अर्ध्या तासात ७ अंशांची उष्णता घेतली. साडेदहा तासांत असे २१ अर्धे तास होतात. म्हणजे बर्फाने १४७ अंश चढण्याइतकी उष्णता घेतली. त्यांपैकी तापमापीवर दिसले केवळ ७–८ अंश. उरलेले सुमारे १४० अंश गेले कोठे? ते बर्फाचे पाणी करण्यात खर्ची पडले, असा ब्लॅक यांचा निष्कर्ष होता. फॅरनहाइटचे १४० अंश म्हणजे सेल्सिअसचे सुमारे ७८. आज अचूक साधनांनी मोजलेला आकडा आहे ८०: एक ग्रॅम बर्फ वितळण्यास सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. दोन काचेचे गोल, एक घड्याळ व एक तापमापी एवढ्या सामग्रीवर हा माणूस सत्याच्या किती जवळ पोहोचला होता!

ब्लॅक यांनी आणखी एक मार्मिक गोष्ट सांगितली. बर्फ वितळण्यास इतकी उष्णता लागली नसती, तर थंडी ओसरताच डोंगरांवरील सारे बर्फ पाहता पाहता वितळून नद्यांना भयंकर पूर आले असते. हिमालयातील नद्यांना उन्हाळाभर थोडेथोडे पाणी मिळत राहते, त्यामागे हेही एक कारण आहे.

मग ही उष्णता करते काय? पदार्थ सूक्ष्म रेणूंचा बनलेला असतो. रेणूंची हालचाल वाढली म्हणजे तापमान वाढते. परंतु बर्फातील रेणू परस्परांच्या आकर्षणाने ठराविक रचनेत बांधलेले असतात. वितळताना येणारी उष्णता ही बांधणी सैल करण्यात खर्च होते. हालचाल वाढविण्यास ती उरत नाही, म्हणून तापमापी हलत नाही. वाफ होताना तर रेणूंना एकमेकांपासून पुरते दूर जायचे असते. म्हणूनच एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० कॅलरी लागतात. ही उष्णता नष्ट होत नाही. वाफेचे पुन्हा पाणी झाले की ती पुरतेपणी परत मिळते.

या परतफेडीवरच आपल्या घरचे मोदक आणि हळदीच्या पानांतील पातोळ्या शिजतात. वाफ थंड पिठावर येऊन पाणी होते आणि आपली अप्रकट उष्णता त्याला देऊन टाकते. पण तीच वाफ हातावर आली तर? उकळत्या पाण्याचा एक ग्रॅम थेंब शरीराच्या ३७ अंशांपर्यंत निवताना ६३ कॅलरी देतो. एक ग्रॅम वाफ ५४० अधिक ६३, म्हणजे ६०३ कॅलरी देते. जवळजवळ दहापट! यास्तव वाफेच्या भांड्याचे झाकण नेहमी पलीकडच्या बाजूने उचलावे, तोंड व हात दूर ठेवावेत. भाजलेच तर बांगडी-अंगठी ताबडतोब काढून तो भाग वाहत्या थंड पाण्याखाली वीस मिनिटे धरावा. तूप, हळद वा टूथपेस्ट लावू नये. आणि भाजणे मोठे असल्यास डॉक्टरांकडे जावे. हे एवढे लक्षात राहिले तरी या लेखाचे सार्थक झाले असे मी समजेन.

गृहिणींनाही या नियमाचा लाभ आहे. डाळ उकळू लागल्यावर आच मोठी ठेवल्याने ती लवकर शिजत नाही; केवळ वाफ अधिक होते आणि इंधन वाया जाते. उकळी आली की आच मंद करावी. माठातील पाणी गार होते तेही याच नियमाने: माठाच्या बाहेरील ओल उडून जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. तापात कपाळावर ओली पट्टी ठेवली की गारवा वाटतो, त्यामागेही हेच आहे.

आणि आपला पाऊस? सूर्याच्या उष्णतेने समुद्राचे पाणी वाफ होऊन उडते. साध्या तापमानास एका ग्रॅमसाठी सुमारे ५८० कॅलरी लागतात. ही उष्णता वाऱ्याबरोबर प्रवास करीत सह्याद्रीपर्यंत येते आणि ढग बनताना मोकळी होते. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एका चौरस मीटरवर १०० किलो पाणी येते. तेवढे पाणी ढगात तयार होताना इतकी उष्णता सुटलेली असते, की तिने बर्फासारखे थंड ५८० किलो पाणी उकळीपर्यंत तापले असते. मेघांना उंच चढविणारे आणि वादळांना पोसणारे बळ प्रामुख्याने हेच आहे.

विद्यार्थी मित्रहो, ८० आणि ५४० हे आकडे परीक्षेसाठी पाठ करावे लागतील, ते अवश्य करा. परंतु त्याआधी वडीलधाऱ्यांना जवळ घेऊन बर्फाचा प्रयोग एकदा स्वतः करा व मिनिटामिनिटाची नोंद वहीत ठेवा. तापमापी जेथे स्थिर राहते, तेथे काहीच घडत नसते असे नाही. तेथेच सर्वांत मोठे काम चाललेले असते, हे तुमचे तुम्हालाच दिसून येईल.