चेन पडते की छाती भरते?

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. डोंगरीचे एक गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. वय चौपन्न, अंगाने सडसडीत, विडी-सिगारेटचे व्यसन दहा वर्षांपूर्वी सोडलेले. रक्तदाबाची गोळी मात्र मनाला येईल तेव्हा घ्यायची. ते काही बोलण्याआधी बाईच म्हणाल्या, “डॉक्टर, यांच्या सायकलची चेन रोज त्याच चढावर पडते. दुकानात दोनदा दाखवली. दुकानदार म्हणतो, चेन ठीक आहे. मग हे तिथंच का उतरतात, तेवढं विचारा.”

गृहस्थ ओशाळून हसले. मी चेनीची चौकशी केली नाही. विचारले, “उतरल्यावर किती वेळ थांबता?”

“तीन-चार मिनिटं.”

“तोवर काय होतं?”

त्यांनी उजव्या हाताची मूठ वळली आणि छातीच्या मधोमध ठेवली. “इथं कुणीतरी दाबून धरल्यासारखं वाटतं. ढेकर आली की मोकळं होतं. गॅस आहे, डॉक्टर.”

ती मूठ पाहिली आणि माझ्या पोटात धस्स झाले. त्याचे कारण पुढे सांगतो. आधी त्या रस्त्याविषयी सांगायला हवे, कारण रोगाचे निदान अर्धे त्या रस्त्यानेच केले होते.

सपाटी आणि चढ

भाईंदर पश्चिमेहून उत्तनकडे निघाले की मुर्धा, राई, मोर्वा ही गावे लागतात. बाजूला मिठागरे, खाडीचा वारा आणि रस्ता तळहातासारखा सपाट. पुढे डोंगरी. गावाचे नावच पुरेसे बोलके आहे. तेथून उत्तन, पाली, चौक आणि दुसऱ्या अंगाने गोराई, असा हा सगळा टेकड्यांचा आणि समुद्राचा मुलूख. चौकच्या टेकडीवर धारावीचा किल्ला आहे आणि खाडीच्या मुखापलीकडे वसईचा. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्या मोहिमेत या टेकडीचे महत्त्व मोठे होते. गावागावांत पोर्तुगीज अमलापासूनची चर्चची परंपरा आहे. डोंगरीचे बेथलेहेम मातेचे चर्च त्यांपैकीच एक. रविवारी पहाटे पाहाल तर मिस्साला निघालेले गावकरी, मासळीच्या टोपल्या आणि बोरिवलीकडून तर उतरून आलेले मुंबईचे हौशी सायकलस्वार एकाच रस्त्यावर दिसतात. रंगीत टोप्या घातलेल्या या मंडळींत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेलेही पुष्कळ असतात.

आमचे गृहस्थ आठवडाभर भाईंदर स्टेशनपर्यंत सायकलनेच जात-येत. मुर्धा ते मोर्वा त्यांना काही होत नसे. घराजवळचा चढ लागला की मगच ‘चेन पडे’. असे का व्हावे?

हिशेब साधा आहे. सत्तर किलोचा माणूस पंधरा किलोची सायकल घेऊन सपाटीवर ताशी पंधरा किलोमीटरने चालला, तर त्याला फक्त वारा आणि चाकांचे घर्षण यांच्याशी झगडावे लागते. शंभर फुटांत पाच फूट चढणारा रस्ता लागला की तोच माणूस वेग ताशी दहावर आणतो, तरीही त्याच्या पायांना आधीच्या दुपटीहून अधिक जोर लावावा लागतो. कारण आता स्वतःचे आणि सायकलचे मिळून पंच्याऐंशी किलो वजन वर उचलायचे असते. पायांच्या स्नायूंना दुप्पट काम, म्हणजे त्यांना अधिक रक्त, म्हणजे हृदयाला अधिक ठोके. आणि हृदय हाही एक स्नायूच आहे. जास्त काम केले की त्यालाही जास्त रक्त लागते.

हे रक्त हृदयाला पुरवणाऱ्या स्वतंत्र वाहिन्या असतात. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब, रक्तातील चरबी आणि आनुवंशिकता यांमुळे त्यांच्या आत थर साचतो आणि त्या अरुंद होतात. घरातल्या नळाला पाणी कमी दाबाने येत असले तरी एक बादली भरताना ते जाणवत नाही. सगळे नळ एकदम उघडले की जाणवते. तसेच येथे होते. बसल्या जागी, सपाटीवर, अरुंद वाहिनीतून येणारे रक्त पुरते. चढावर ते पुरेनासे होते आणि हृदयाचा स्नायू तक्रार करतो. माणूस थांबला की मागणी घटते आणि तक्रार मिटते. वैद्यकशास्त्रात यालाच अंजायना म्हणतात.

पित्त आणि हृदय यांतला फरक

आता माझ्या पोटात धस्स का झाले ते सांगतो. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी असेच एक रुग्ण माझ्याकडे आले होते. जिना चढताना छातीत जळजळते, थांबले की बरे वाटते, ही तक्रार. मी कार्डिओग्राम काढला. तो नॉर्मल आला. मी समाधानाने पित्ताच्या गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांनी त्यांच्या घरून निरोप आला, तो ते गेल्याचा. त्यांच्या मुलाने मला दोष दिला नाही. मी स्वतःला आजवर देत आलो आहे.

त्या वेळी मी जे विसरलो ते प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवावे. बसून किंवा झोपून काढलेला कार्डिओग्राम हा त्या क्षणाचा असतो. छातीत त्रास नसताना तो पूर्ण नॉर्मल असू शकतो आणि तरीही वाहिनी अरुंद असू शकते. चढावर होणारा त्रास खुर्चीत बसून कसा सापडणार? म्हणून अशा रुग्णाला चालत्या पट्ट्यावरची तपासणी, सोनोग्राफीने हृदयाची पाहणी किंवा गरजेप्रमाणे अँजिओग्राफी सांगितली जाते. कोणती ते हृदयरोगतज्ज्ञ ठरवतात.

पित्ताचा त्रास बहुधा जेवणाशी, आडवे पडण्याशी किंवा वाकण्याशी जोडलेला असतो. हृदयाचा त्रास श्रमाशी जोडलेला असतो. श्रमाने येतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत जातो, तो त्रास पित्त म्हणून सोडून देऊ नये. ढेकर आली आणि बरे वाटले, यावर भिस्त ठेवू नका. बरे वाटले ते थांबल्यामुळे; ढेकर तेवढ्यात आली इतकेच.

या त्रासाला ‘दुखणे’ म्हणायला पुष्कळ रुग्ण तयार नसतात. ते म्हणतात, ‘दडपण येते’, ‘पट्टा आवळल्यासारखे होते’, ‘भरून येते’. कधी त्रास छातीत नसतोच; डाव्या हातात, जबड्यात, पाठीत किंवा वरच्या पोटात असतो. मधुमेहींना आणि पुष्कळ स्त्रियांना नुसती धाप, घाम किंवा विलक्षण थकवा एवढेच जाणवते. पूर्वी एका दमात चढत होतो तो चढ दोन महिन्यांत दोन थांब्यांचा झाला, तर तेही लक्षणच समजावे. भरल्या पोटी किंवा थंड वाऱ्यात त्रास लवकर येतो, हीही खूण आहे.

घाटाचा मोह

सायकल आणि घाट यांचे वेड जगात सर्वांत जास्त कोठे असेल तर फ्रान्समध्ये. तेथील ‘तूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ पासून चालू आहे. खेड्याखेड्यांतील जुन्या चर्चवरून, डोंगरांच्या घाटांतून ती जाते. दक्षिणेकडील एका गावाजवळचे छोटे जुने प्रार्थनामंदिर १९५९ पासून खास सायकलस्वारांच्या मातेचे म्हणून मानले जाते आणि आत नामांकित स्वारांचे सदरे टांगलेले आहेत. या शर्यतीत १९३७ पर्यंत आजच्यासारखे गियर वापरायला परवानगी नव्हती. चढ लागला की स्वार खाली उतरून मागचे चाक काढून उलटे बसवीत, म्हणजे दुसऱ्या बाजूची मोठी चक्री चेनीला मिळे. सांगायचा मुद्दा हा, की जगातले पट्टीचे स्वारही चढापुढे सायकलवरून उतरत. आपण उतरलो तर त्यात लाज कसली?

त्याच शर्यतीत १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू या सुमारे १९०० मीटर उंचीच्या डोंगरावर टॉम सिम्पसन हा ब्रिटिश स्वार कोसळला आणि मरण पावला. वय अवघे एकोणतीस. दोन वर्षांपूर्वी तो जगज्जेता ठरला होता. भर उन्हाळा, पराकाष्ठेचे श्रम आणि शरीराने दिलेला ‘थांब’ हा इशारा ऐकू येऊ न देणाऱ्या उत्तेजक गोळ्या, असा तो प्रकार होता. आपल्याकडे रविवारी उत्तनला जाणारा माणूस उत्तेजक घेत नाही. पण पुढे गेलेल्या तरुणांना गाठण्याची ईर्षा पुष्कळदा तेच काम करते.

मग सायकल चालवावी की नाही?

जरूर चालवावी. सायकलने हृदयाची ताकद वाढते, रक्तदाब व साखर आटोक्यात राहण्यास मदत होते आणि शरीराचा भार खोगिरावर असल्याने गुडघ्यांना धावण्याइतका त्रास होत नाही. फक्त पुढील पथ्ये पाळावीत.

१) चाळिशी उलटलेली असून मधुमेह, रक्तदाब, तंबाखू किंवा घरात अकाली हृदयविकार यांपैकी काही असेल, तर घाटाच्या नादी लागण्यापूर्वी तपासून घ्यावे.

२) पहिले दीड महिना सपाटीवरच चालवावी. भाईंदरकरांना मोर्व्यापर्यंतचा रस्ता त्यासाठी पुरेसा आहे. चढ त्यानंतर.

३) चढावर सोबत्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांवर दम तुटत असेल तर हलका गियर घ्यावा, तेवढ्याने भागले नाही तर उतरून चालावे. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडी मुळातच मंद राहते. त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकड्यापेक्षा हा दम पाहावा.

४) खोगीर इतके उंच असावे की टाच पॅडलवर ठेवली असता पाय खाली सरळ होईल. मग चवड्याने चालवताना गुडघा किंचित वाकलेला राहतो. खोगीर फार खाली असले की गुडघ्याची वाटी दुखू लागते.

५) आपल्या दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. पहाटे निघावे, ऊन चढण्याआधी परतावे, पाणी थोडे थोडे घेत राहावे.

६) इन्शुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये, खिशात साखर ठेवावी. हात थरथरले, डोळ्यांपुढे अंधारले तर आधी थांबावे, मग साखर खावी.

७) उतारावर दोन्ही ब्रेक हलके हलके दाबावे. एकटा पुढचा ब्रेक करकचून दाबला तर माणूस सायकलच्या पुढे जातो.

आणि छातीत दडपण आले तर? सायकल सोडून बसावे. पाच मिनिटांत उतरले नाही, किंवा सोबत घाम, ओकारी, चक्कर असेल, तर १०८ ला फोन करावा. अॅस्पिरिनची अॅलर्जी, पोटातला व्रण किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर तीनशे मिलिग्रॅमची साधी अॅस्पिरिन चावून खावी. शेजाऱ्याची जिभेखालची गोळी मात्र घेऊ नये. तिने रक्तदाब एकदम उतरू शकतो. सायकल चालवीत रुग्णालय गाठण्याचे धाडस तर मुळीच करू नये. पाच मिनिटांत बरे वाटले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आमच्या गृहस्थांची तपासणी त्याच आठवड्यात झाली. हृदयाची एक मोठी वाहिनी चिंचोळी झालेली सापडली. त्यात स्टेंट बसवला. औषधे आता त्यांची पत्नी स्वतःच्या हाताने देते. पहिले काही आठवडे ते फक्त चालत होते. तज्ज्ञांच्या परवानगीनंतर त्यांनी पुन्हा सायकल काढली.

परवा ते दोघे आले होते. मी विचारले, “आता चेन पडते का?”

“नाही, डॉक्टर,” ते म्हणाले. “पण त्या चढावर मी अजून उतरतो. आता चालत जातो आणि हिला सांगून जातो.”

वाचकहो, आपल्या घरात कुणाची चेन रोज त्याच चढावर पडत असेल, तर सायकल दुकानात नेण्यापूर्वी माणसाला दवाखान्यात आणा.