अम्मीला कोणताच आजार नव्हता

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी वाकडला राहतो. माझ्या लहानपणी हे मुळेकाठचं खेडं होतं. ऊस, ज्वारी, म्हातोबाची जत्रा आणि सायकलवरून पिंपरीच्या कारखान्यांकडे जाणारी माणसं, एवढीच त्याची ओळख. 1997 साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं, शेजारी हिंजवडीत संगणकाच्या कंपन्या आल्या आणि बघता बघता शेतांत वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्या. आता रस्त्याच्या एका बाजूला क्लबहाउस असलेली सोसायटी आहे आणि दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या खोल्या.

काही वर्षांपूर्वी या दोन्ही बाजूंना, लागोपाठच्या रविवारी, ज्येष्ठांसाठी आरोग्य शिबिरं झाली. माझं अक्षर बरं आहे म्हणून फॉर्म भरायचं काम माझ्याकडे आलं. कवीचा समाजाला एवढा तरी उपयोग व्हावा!

पहिल्या रविवारी सोसायटीत आजोबा खुर्चीत टेकण्याआधीच सांगू लागत, ‘बीपी आहे, 2009 पासून. शुगर काठावर. थायरॉइड हिला आहे, मला नाही.’ सोबत फाइल, फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावलेले रिपोर्ट. माझ्या फॉर्मवरच्या चौकटी भरून जात. दुसऱ्या रविवारी वस्तीत विचारलं, ‘काही आजार?’ ‘नाही.’ ‘बीपी?’ ‘नाही बाबा.’ ‘साखर?’ एक आजी म्हणाल्या, ‘आमाला कुठली साखर? चहात पडली तरी लई झालं.’ सगळे हसले, मीही हसलो आणि चौकटीत ‘नाही’ लिहिलं. संध्याकाळी दोन्ही गठ्ठे शेजारी ठेवले, तर कागदावर सोसायटी आजारी आणि वस्ती ठणठणीत!

तपासणीच्या टेबलावरच्या नर्सताईंचा दंडाला बांधायचा पट्टा मात्र वेगळंच सांगत होता. साखरेचा विनोद करणाऱ्या त्याच आजींचं वरचं माप 190 च्या पुढे गेलं. त्या सकाळी दोन घरची धुणीभांडी उरकून आल्या होत्या.

हा प्रकार केवळ आमच्या वाकडचा नाही. सार्वजनिक आरोग्याचे संशोधक सर्वेक्षणात सहसा एक प्रश्न विचारतात : ‘तुम्हाला हा आजार असल्याचं डॉक्टरांनी कधी सांगितलं आहे का?’ प्रश्न साधा वाटतो. पण त्याला ‘हो’ म्हणायला माणसाला चार उंबरठे ओलांडावे लागतात. दवाखान्यापर्यंत पोचावं लागतं. तिथे कुणी तरी मोजावं लागतं. मोजलेलं त्याला कळेल अशा भाषेत सांगावं लागतं. आणि ते त्याच्या लक्षात राहावं लागतं. यातला एकही उंबरठा राहिला, तरी उत्तर ‘नाही’ येतं. हे ‘नाही’ आजार नसल्याचं आहे की मोजलंच नसल्याचं, ते कागदावरून कळत नाही.

अमर्त्य सेन यांनी 2002 साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नेमकं यावर बोट ठेवलं होतं. भारतात सर्वांत दीर्घायुषी माणसं केरळची. पण ‘मी आजारी आहे’ असं सांगण्यातही तीच पुढे. बिहारमध्ये आयुर्मान कमी, साक्षरता कमी, दवाखाने कमी. आणि आजार सांगणारेही कमी. नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर सरकारने बिहार सोडून केरळातच दवाखाने काढत बसायला हवं. शिक्षण आणि दवाखाना मिळाला की माणसाला आपला आजार दिसू लागतो. ज्याला दोन्ही मिळालं नाही, त्याला आपली अवस्था हीच रीत वाटते.

मग खरं चित्र कसं कळणार? विचारायचं आणि मोजायचंही. मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. तिने हार्वर्ड आणि सदर्न कॅलिफोर्निया या विद्यापीठांबरोबर 2017-18 मध्ये देशभरातल्या 45 वर्षांवरील 72 हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. ‘लासी’ या नावाने ती ओळखली जाते. तिच्यात प्रश्न विचारले गेले आणि रक्तदाबही मोजला गेला. त्यावरून 2022 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे आकडे सांगतो. शंभरांतल्या सुमारे 46 जणांना उच्च रक्तदाब होता. आता असा रक्तदाब असलेल्या शंभर जणांची रांग डोळ्यांसमोर आणा. आपल्याला तो आहे हे त्यांतल्या 56 जणांना ठाऊक होतं. गोळी घेणारे 39. आणि रक्तदाब खरोखर आटोक्यात असलेले 32. उरलेल्यांत 44 जण असे, की त्यांना विचारलं असतं तर ‘मला काही नाही’ म्हणाले असते. खोटं बोलून नव्हे, अगदी मनापासून.

याचं एक कारण त्या आजारात आहे. वाढलेला रक्तदाब बहुधा दुखत नाही, खुपत नाही. विहिरीवरची मोटार गरजेपेक्षा जास्त दाबाने चालली तरी वरून पाणी येतच असतं. पाइप आतून कुठे तरी झिजत असतो. हृदय, मूत्रपिंडं, डोळे आणि मेंदू यांच्या रक्तवाहिन्यांचं तसंच होतं. दुसरं कारण आपल्या पिढ्यांच्या अनुभवात आहे. आमच्या पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि इथलं पेनिसिलिन देशभर गेलं. ताप आला, सुई घेतली, बरं झालं, ही आजाराची समज त्या काळात पक्की झाली. ज्याला ताप नाही, जो गोळी घेऊन ‘बरा’ होत नाही आणि ज्याची गोळी जन्मभर घ्यायची असते, अशा दुखण्याला आमच्या वडीलधाऱ्यांच्या मनात जागाच नव्हती. म्हणून ‘बीपी नॉर्मल आलं’ की गोळी बंद होते. ते नॉर्मल आलं आहे गोळीमुळे, हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

तिसरं कारण मी माझ्या घरात पाहिलं.

अब्बा पिंपरीच्या एका कारखान्यात कायम कामगार होते. तिथे दरवर्षी डॉक्टर तपासायचे. पन्नाशी गाठण्याआधीच त्यांचा रक्तदाब सापडला. तेव्हापासून एका चपट्या पत्र्याच्या डबीत त्यांच्या गोळ्या असत आणि रोज सकाळी ती डबी आणि पाण्याचा पेला अम्मी त्यांच्या पुढ्यात ठेवत असे. पंधरा-सोळा वर्षं तिने एक दिवस चुकवला नाही. तिची स्वतःची तपासणी मात्र कुणी केली नाही. ती कुठल्या कारखान्यात कामाला होती? अधूनमधून म्हणायची, ‘डोकं भणभणतंय, आज जीव थाऱ्यावर नाही.’ मग स्वतःच निकाल द्यायची, ‘पित्त झालं असेल.’ कुणी तब्येत विचारली तर ‘अल्लाहचं शुक्र आहे.’ शेजारच्या काकूंना विचारलं तर ‘पांडुरंगाची कृपा.’ दोघींची कृतज्ञता खरीच होती. पण सर्वेक्षणाच्या कागदावर दोन्हींचा अर्थ ‘आजार नाही’ असाच लागतो.

2004 साली, साठाव्या वर्षी, अम्मीच्या अंगावरून वारं गेलं. रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, ‘आधीपासून बीपी होतं का?’ मी जरा अभिमानानेच सांगितलं, ‘नाही, अम्मीला कोणताच आजार नव्हता.’ त्यांनी शांतपणे दुसरा प्रश्न विचारला, ‘शेवटचं कधी मोजलं होतं?’

त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. बी.ए. झालेला, शब्दांच्या छटांवर तासन् तास बोलणारा मुलगा घरात होता आणि ‘पित्त’ हा एकच शब्द त्याने वर्षानुवर्षं ऐकून घेतला. अकराव्या दिवशी ती गेली. अब्बा पुढे तेरा वर्षं जगले. विषमता म्हटलं की आपण रस्त्याच्या दोन बाजू पाहतो. ती एका चुलीच्याही दोन बाजूंना असते.

तिचं डोकं रक्तदाबामुळेच दुखत होतं असं मी म्हणत नाही. पण तिचं शरीर काही सांगत होतं का, हे कुणी विचारलं नाही. याबाबत आपल्याच पुणे जिल्ह्यातलं एक काम महत्त्वाचं आहे. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुक इथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र आहे. मॅगसेसे पुरस्काराच्या मानकरी डॉ. बानू कोयाजी यांच्या प्रयत्नांतून 1970 च्या दशकात तिथलं काम सुरू झालं. तिथल्या संशोधकांनी 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासाचा भाग म्हणून आसपासच्या गावांतल्या पन्नाशीपुढच्या पाच हजारांवर लोकांना विचारलं, ‘एकूण तब्येत कशी आहे?’ आजाराचं नाव विचारलं नाही, फक्त तब्येत. तेव्हा ‘बरी नाही’ म्हणणाऱ्यांत बायका, कमी शिकलेले, गरीब आणि अधिक वयाचे लोक पुढे होते. आणि त्याच गावांवर पुढची काही वर्षं लक्ष ठेवल्यावर दिसलं, की ‘वाईट आहे’ म्हणणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाणही जास्त होतं.

म्हणजे आजाराचं नाव विचारलं तर गरीब माणूस ‘नाही’ म्हणतो आणि तब्येत विचारली तर ‘बरी नाही’ म्हणतो. या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजेच आपल्या आरोग्यव्यवस्थेतली विषमता. शरीराला कळलेलं असतं. त्याला नाव द्यायला कुणी आलेलं नसतं.

सरकारच्या योजना नाहीत असं नाही. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब आणि साखर तपासावी असा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. आशाताई त्यासाठी घरोघर माहिती भरून घेतात. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं संरक्षण आहे. पण ते कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावर कामाला येतं. अम्मीसारखीला त्याआधी पंधरा वर्षं गरज होती ती एका पट्ट्याची आणि एका गोळीची. मोजणारा माणूस कामाच्या वेळेत आला तर रोजंदारीची बाई घरी सापडत नाही. आणि अर्धा दिवस रांगेत गेला तर तिची मजुरी बुडते. तपासणी तिच्या वेळेला, तिच्या दारात गेली तरच ती चारही उंबरठे ओलांडू शकेल.

तोवर आपण एक करू शकतो. रक्तदाब मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसावं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड छातीच्या पातळीवर, बोलू नये, आणि दोनदा मोजावं. माप 140/90 किंवा त्याहून जास्त आलं तर घाबरून न जाता डॉक्टरांकडे पुन्हा तपासून घ्यावं. एका मापावरून निदान होत नाही.

आमच्या घरी आता ते यंत्र आहे. मध्यंतरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं, ‘मावशी, बीपी कधी मोजलं होतं?’ त्या म्हणाल्या, ‘मला काय झालंय? काही नाही.’ म्हटलं, ‘नसेलही. पण पाच मिनिटं बसा.’ त्या जमिनीवर बसायला लागल्या. खुर्ची पुढे केली तेव्हा लक्षात आलं, की सहा वर्षांत त्या आमच्या घरी खुर्चीवर एकदाही बसल्या नव्हत्या. आणि ते माझ्याही कधी लक्षात आलं नव्हतं.

तुमच्या घरात अशी पाच मिनिटं अजून कोण बसलेलं नाही, तेवढं या आठवड्यात बघा.