फळे, रस आणि रक्तातील साखर : एक मागोवा

इ.स. 1321 च्या सुमारास ठाण्याच्या बंदरात उतरलेल्या जॉर्डानस या ख्रिस्ती धर्मोपदेशकाने आपल्या वृत्तांतात या देशातील आंब्याफणसांची मोठ्या नवलाने दखल घेतली. पण त्याला जे नवल वाटले, ते येथील रयतेचे हंगामी अन्नच होते. सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज अंमलात अननस, पपई, पेरू ही परदेशी फळे या किनाऱ्यावर रुजली; आणि पुढे घोलवडचा चिकू, वसईची केळी व बदलापूरची जांभळे यांनी, 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर विभक्त होईपर्यंत, एकट्या ठाणे जिल्ह्याच्या लौकिकात भर घातली. मात्र फळ हंगामातच मिळत असे, चावूनच खावे लागे आणि खाणाऱ्याचा दिवस बहुधा अंगमेहनतीत जात असे. त्यामुळे या गोडव्याचा हिशेब शरीर आपसूक चुकता करीत असे.

1921 साली टोरांटो येथे इन्सुलिनचा शोध लागला, तरी त्यानंतरही कित्येक दशके मधुमेहींच्या पथ्याच्या फर्मानात गोड फळांना सरसकट मनाई असे. या समजुतीला शास्त्रीय छेद गेला तो 1977 साली, जेव्हा ब्रिस्टल येथील संशोधकांनी दहा निरोगी व्यक्तींना सफरचंद एकदा सबंध, एकदा लगदा करून व एकदा रसरूपाने दिले. साखर तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली. परंतु रसानंतर इन्सुलिन अधिक स्रवले आणि साखर खाली येताना उपाशीपोटीच्या पातळीच्याही खाली घसरली. 1981 साली डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी शर्करानिर्देशांकाची, म्हणजे एखादा पदार्थ रक्तातील साखर किती चढवतो हे मोजण्याची, कल्पना मांडली. या मापनात आंबा व केळे साधारण पन्नाशीच्या आसपास, तर कलिंगड सत्तरीच्या पुढे भरते; पण शंभर ग्रॅम कलिंगडात जेमतेम सातआठ ग्रॅम कर्बोदके असतात आणि तितक्याच चिकूत वीसच्या आसपास, म्हणून निर्देशांकाइतकेच महत्त्व खाल्लेल्या मापालाही द्यावे लागते.

निरोगी तरुणाच्या रक्तातील साखर फळ खाल्ल्यावर सुमारे अर्ध्यापाऊण तासात शिखर गाठते आणि दोन तासांत बहुधा मूळपदावर येते. तथापि आपल्याकडील तरुणाची अंगकाठी फसवी असते, हे पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 साली स्वतःच्याच उदाहरणाने दाखवले : त्यांचा व ब्रिटिश सहकारी यूडकिन यांचा देहभारनिर्देशांक सारखाच, 22.3; पण अंगातील चरबी यूडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. भारतात मधुमेहाचे सुमारे 10 कोटी व मधुमेहपूर्व अवस्थेतील 13 कोटींहून अधिक लोक असल्याचा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा 2023 चा अंदाज या पार्श्वभूमीवर वाचावा.

डोंबिवली वा कल्याण स्थानकाबाहेरच्या कोणत्याही ज्यूस सेंटरवर संध्याकाळी क्षणभर उभे राहावे. दिवसभर खुर्चीत बसून आणि लोकलमध्ये चेंगरून आलेला पंचविशीचा तरुण मोसंबीचा ग्लास मागतो. चारपाच मोसंब्या यंत्रात पिळल्या जातात, चोथा खालच्या बादलीत पडतो, वरून चमचाभर साखर पडते आणि ग्लास दोन मिनिटांत रिता होतो. जो तंतू साखरेचा वेग आवरतो, तो बादलीतच राहतो. आणि चार फळे सोलून खायला जो वेळ लागता, तोही वाचतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे एक लाख सत्याऐंशी हजार अमेरिकी आरोग्यव्यावसायिकांच्या दीर्घकालीन पाहणीत, सबंध फळे खाणाऱ्यांत मधुमेहाचे प्रमाण कमी आणि रस पिणाऱ्यांत अधिक आढळले, यात आता आश्चर्य वाटू नये.

या साऱ्या मागोव्यातून फळ निर्दोष ठरते आणि बदललेली राहणी आरोपी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2024 च्या मार्गदर्शिकेनुसार दिवसाला शंभर ग्रॅम फळे अवश्य खावीत, पण ती रसाऐवजी सबंध. आमरसपुरीच्या दिवशी भाताला रजा द्यावी. आणि आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह असल्यास तिशीची वाट न पाहता तरुणांनी रक्ताची तपासणी करून घ्यावी.