कारखान्यासमोरची आई

भोपाळच्या शिवाजी नगरहून उत्तरेला, जुन्या शहरापलीकडे युनियन कार्बाइडचा बंद कारखाना आहे. त्याच्यासमोर उभी आहे शिल्पातली आई.

घटना : 2-3 डिसेंबर 1984ची रात्र, या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट या विषारी वायूची गळती.

शिल्पकार : डच कलाकार रूथ वॉटरमन. आईवडील नाझींच्या ज्यूसंहारातून बचावलेले.

वर्ष : 1985.

रूप : छातीशी तान्हे मूल, हाताने झाकलेला चेहरा, पदराला बिलगलेले दुसरे लेकरू.

तुलनेसाठी दुसरे शोकशिल्प, ब्राँझमधले : पाटण्याचे हुतात्मा स्मारक. 11 ऑगस्ट 1942 रोजी गोळीबारात पडलेले सात विद्यार्थी देवीप्रसाद रायचौधरींनी घडवले.

पाटण्यातल्या मुलांच्या पुढे तिरंगा आहे. भोपाळच्या आईपुढे फक्त पळण्याची वाट आहे.