धडकेनंतरचं काम

गाडी कठड्यावर आदळून थांबली, की चालकाचा हात आपसूक पट्ट्याच्या बकलाकडे जातो. कधी एकदा बाहेर पडतो, असं होतं. पण आग लागलेली नसेल, तर बसल्या जागी बसून राहायचं असतं. मागून बाकीच्या गाड्या येतच असतात, आणि ट्रॅकवर पायी उतरलेल्या माणसाला वाचवणारं तिथे काहीही नसतं. मार्शल पिवळा झेंडा दाखवतात. प्रकरण गंभीर असेल तर लाल झेंडा लागतो आणि शर्यतच थांबते. मार्शलनी खूण केली की मगच बाहेर यायचं आणि थेट डॉक्टरांकडे जायचं. अंगात त्या वेळी इतका जोर संचारलेला असतो, की डोक्याला बसलेला मार चालकाला स्वतःला कळतोच असं नाही. ‘मला काही झालेलं नाही’ या त्याच्या शब्दावर विसंबून त्याला पुढच्या शर्यतीत सोडणं धोक्याचं असतं.

८ जानेवारी २०२३ रोजी चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार शर्यतीत के. ई. कुमार यांची गाडी दुसऱ्या स्पर्धकाच्या गाडीला लागून बाहेर फेकली गेली, कुंपणावर आदळली आणि छतावर उलटली. शर्यत तत्काळ थांबवण्यात आली. त्यांना काही मिनिटांत बाहेर काढून ट्रॅकवरच्या वैद्यकीय केंद्रात आणि तिथून रुग्णालयात नेलं, तरी ते वाचले नाहीत. ५९ वर्षांचे कुमार मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचे आजीव सदस्य होते. त्या दिवसाचा उरलेला कार्यक्रम रद्द झाला.

हौशी शर्यतीत चालक आणि आयोजक बहुधा एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखतात. म्हणून इथला अपघात नुसती बातमी होऊन जात नाही. या खेळातल्या सुरक्षेच्या दोन मोठ्या गोष्टी अशाच ओळखीतून, गेलेल्या मित्राच्या मागे, उभ्या राहिल्या आहेत.

अमेरिकेत पीट स्नेल नावाचा लोकप्रिय हौशी चालक १९५६ साली शर्यतीतल्या अपघातात गेला. डोक्यावर हेल्मेट होतं, आणि त्या काळी चांगलं समजलं जाणारं होतं. तरीही डोकं वाचलं नाही. त्याच्या मित्रांनी, सहस्पर्धकांनी आणि डॉ. जॉर्ज स्नायव्हली यांनी बाजारातली हेल्मेटं चाचणीला घेतली, तेव्हा त्यातली बरीचशी नावापुरतीच असल्याचं उघड झालं. १९५७ मध्ये स्नेल यांच्या नावाने प्रतिष्ठान स्थापन झालं. त्याचं मानक पुढे वेळोवेळी कडक होत गेलं. कार शर्यतीच्या हेल्मेटची आगीत चाचणी होते, आणि चालकाभोवतीच्या लोखंडी पिंजऱ्यावर डोकं आदळलं तर काय होईल हेही पाहिलं जातं.

या हेल्मेटचं खरं काम आतला थर्माकोलचा थर करतो. धडकेत तो चेपतो आणि चेपताना मार पिऊन टाकतो. पण एकदा चेपलेला थर पुन्हा फुगत नाही. बाहेरचं कवच चकचकीत राहिलेलं असलं, तरी ते हेल्मेट बाद करायचं असतं. जोराच्या धडकेत ताणल्या गेलेल्या पट्ट्यांचंही तसंच. पैसे वाचवावेसे वाटतात ते नेमके इथेच, आणि इथली काटकसर जिवावर बेतू शकते.

दुसरी गोष्ट १९८१ची. पॅट्रिक जॅकमार हा फ्रेंच चालक अमेरिकेतल्या मिड-ओहायो ट्रॅकवर चाचणी घेताना गेला. शरीर पट्ट्यांनी जागच्या जागी धरलं होतं, डोकं मात्र पुढे झेपावलं आणि कवटीचा तळ मोडला. त्याचा मित्र, चालक जिम डाउनिंग, आपल्या मेहुण्याकडे गेला. हा मेहुणा म्हणजे रॉबर्ट हबर्ड, मिशिगन स्टेट विद्यापीठात शरीरयांत्रिकी शिकवणारे प्राध्यापक. दोघांनी मिळून ‘हॅन्स’ तयार केलं: बैलाच्या मानेवरच्या जुवासारखं खांद्यांवर बसणारं आणि दोन पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेलं साधन. धडकेत डोकं धडाबरोबरच थांबतं. तरी ते वर्षानुवर्षं फारसं कुणी घेतलं नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये डेटोना इथे डेल अर्नहार्टसारखा दिग्गज गेला आणि त्याच वर्षी तिथल्या शर्यती भरवणाऱ्या नॅसकार या संस्थेने डोकं रोखणारं साधन सक्तीचं केलं. फॉर्म्युला वनमध्ये हॅन्स २००३ पासून सक्तीचं झालं. जॅकमारच्या मृत्यूला तोवर दोन दशकं उलटून गेली होती.

गाडीचं काय, हा प्रश्न रुग्णालयातून घरी आल्यावर भेडसावतो. आपल्याकडच्या मोटार विम्यात संघटित शर्यत आणि वेगचाचणी वगळलेली असते, त्यामुळे खर्च ज्याचा त्याने सोसायचा. मुंबई-पुण्याहून इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या करी स्पीडवेवर स्वतःची गाडी घेऊन जाणाऱ्याला ती मोडकी गाडी ट्रेलरवर घालून परत आणण्याचा भारही असतो. दुरुस्ती झाली तरी गाडी लगेच ट्रॅकवर जात नाही. पत्रा सरळ दिसला, तरी पिंजऱ्याचे जोड तडकले नाहीत ना आणि चाकांचा कोन बिघडला नाही ना, हे तपासनीस पाहतात.

सगळ्यात अवघड जातं ते चूक कुणाची हे ठरवणं. पंच दोघांचं ऐकून घेतात, मार्शलचा अहवाल वाचतात, गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुन्हा पुन्हा बघतात. जुन्या गाड्यांच्या शर्यती भरवणाऱ्या काही अमेरिकन क्लबांनी यावर ‘१३/१३’ असा नियम केला आहे. धडकेत दोषी ठरलेल्यावर १३ महिने नजर राहते. त्या काळात पुन्हा दोषी ठरला तर १३ महिने बंदी. ओळखीतल्या माणसालाही सूट मिळू नये, म्हणून असा आकड्यांत बांधलेला नियम हवाच. शिवाय आकडा बाराचा नाही, तेराचा आहे. त्यामुळे ज्या वार्षिक शर्यतीत त्याने दुसऱ्यांदा दुसऱ्याची गाडी ठोकली, तीच शर्यत पुढच्या वर्षीही त्याच्या हातून जाते.